न वापरताही फोनची बॅटरी उतरते : वायरलेस जोडण्या कोणत्या क्रमाने तपासाव्यात

रात्री झोपताना ९० टक्के चार्ज असलेला फोन सकाळी ६५ टक्क्यांवर आलेला असतो आणि मधल्या आठ तासांत त्याला कोणी हातही लावलेला नसतो. ही तक्रार असलेले फोन मी घरच्यांचे, नातेवाइकांचे आणि सहकाऱ्यांचे मिळून इतक्या वेळा तपासले आहेत की तपासणीचा एक क्रम आता ठरून गेला आहे. बहुतेक वेळा दोष ब्लूटूथचा किंवा वाय-फायचा नसतो, तर रेंज शोधत राहणाऱ्या मोबाइल नेटवर्कचा असतो. तरीही जो तो आधी ब्लूटूथच बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी फरक पडला नाही म्हणून बॅटरी बदलायला निघतो.

लक्षणे

पहिले आणि सर्वांत बोलके लक्षण म्हणजे बॅटरी उतरण्याचा वेग जागेप्रमाणे बदलतो. कामाच्या ठिकाणी संध्याकाळपर्यंत सहज पुरणारा फोन सुट्टीच्या दिवशी घरी दुपारीच चार्जरला लावावा लागतो, किंवा याच्या उलट घडते. दुसरे लक्षण म्हणजे खिशात किंवा पर्समध्ये नुसता पडून असलेला फोन बाहेर काढल्यावर कोमट लागतो. तिसरे, सेटिंग्जमधील बॅटरीच्या यादीत मोबाइल नेटवर्क किंवा सेल स्टँडबाय ही नोंद स्क्रीनच्याही वर दिसते. लांबच्या प्रवासात यांपैकी सगळीच लक्षणे काही तास दिसली तर त्यात दोष काहीच नाही. धावत्या वाहनात फोनला एका टॉवरवरून दुसऱ्यावर सतत जावेच लागते.

फोन ४० टक्क्यांवरून एकदम १० टक्क्यांवर येत असेल किंवा २० टक्के दाखवत असताना बंद पडत असेल, तर पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही. ती बॅटरी जुनी झाल्याची खूण आहे आणि वायरलेस जोडण्यांशी तिचा संबंध नाही.

आधी दोन रात्री मोजमाप

कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी दोन रात्रींची नोंद घ्यावी. पहिल्या रात्री फोन नेहमीसारखा ठेवून झोपताना आणि उठल्यावर टक्केवारी लिहावी. दुसऱ्या रात्री एअरप्लेन मोड लावून तेच करावे. अनेक फोन मागच्या वेळची पसंती लक्षात ठेवतात आणि एअरप्लेन मोडमध्येही वाय-फाय किंवा ब्लूटूथ चालू ठेवतात, म्हणून ती दोन्ही बटणे खरोखर बंद झाली आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे. गजर एअरप्लेन मोडमध्येही वाजतो, फोन मात्र येत नाहीत. घरात कोणी आजारी असेल किंवा रात्री-अपरात्री निरोप येण्याची शक्यता असेल, तर ही चाचणी त्या रात्री करू नये.

आकड्यांचा अर्थ लावणे सोपे आहे. बॅटरी ५००० एमएएचची (मिलीअँपिअर-तासांची) असेल तर एक टक्का म्हणजे ५० एमएएच. आठ तासांत २४ टक्के उतरले म्हणजे १२०० एमएएच गेले, अर्थात फोन रात्रभर सरासरी १५० मिलीअँपिअर ओढत होता, आणि झोपलेल्या फोनाला हे शोभत नाही. एअरप्लेन मोडमध्ये तोच फोन दोन-तीन टक्क्यांवर थांबला तर दोष जोडण्यांचा आहे आणि पुढची तपासणी उपयोगाची आहे. दोन्ही रात्री सारखीच घट झाली तर रेडिओ, म्हणजे फोनमधील वायरलेस जोडण्यांचे भाग, निर्दोष आहेत. एखादे अॅप फोनला झोपू देत नाही किंवा बॅटरी थकली आहे, असे समजून तिकडे वळावे. ही चाचणी फुकट आहे आणि निम्मी वाट ती दोन रात्रींत बंद करते, म्हणून ती टाळून पुढे जाणाऱ्यांचे मला नवल वाटते.

फोन ठेवता कुठे, ते पाहा

नंतरची तपासणी जागेची. रेंज चांगली असते तेव्हा निवांत पडलेला फोन टॉवरकडून आपल्यासाठी काही निरोप आहे का, हे ठरावीक अंतराने ऐकतो आणि पुन्हा झोपतो. रेंज कमजोर झाली की तो शेजारचे टॉवर वारंवार मोजू लागतो, एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि प्रत्येक वेळी नोंदणीसाठी काहीतरी पाठवतो. त्यातच मेल किंवा निरोप तपासणारी अॅप्स पाठीमागे चालू असतील, तर तेवढीच माहिती जास्त जोर लावून आणि पुनःपुन्हा पाठवावी लागते. टॉवर दूर असेल तर फोनने आवाज चढवावा अशी आज्ञा टॉवरच देतो. सर्वसाधारण ४जी फोन अँटेनातून जास्तीत जास्त सुमारे २०० मिलीवॅट बाहेर टाकतो, परंतु तेवढे बाहेर टाकण्यासाठी बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट ऊर्जा घेतली जाते आणि उरलेली उष्णता होऊन जाते. खिशातला फोन कोमट लागतो तो यामुळे.

रेंजच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नये. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे दोन फोनांतील दांड्यांची तुलना निरर्थक असते. खरा आकडा डीबीएम या संकेताची ताकद मोजणाऱ्या एककात असतो; दोन आकड्यांतील फरक डीबीमध्ये सांगतात. अँड्रॉइड फोनमध्ये तो बहुधा ‘फोनविषयी’ या भागात सिमच्या स्थितीखाली दिसतो, आणि बऱ्याच फोनांवर *#*#४६३६#*#* डायल केल्यावरही मिळतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केल्यास चाचणीचा पडदा उघडतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी उणे ८५ उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११० च्या खाली गेला की बॅटरीची काळजी करावी, असे ढोबळ मानाने धरावे. ही मोजणी पटींची आहे हे विसरू नये: १० डीबीचा फरक म्हणजे दहा पट आणि ३० डीबीचा फरक म्हणजे हजार पट.

माझ्या मावशींचा फोन रात्री लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर, दार लावून ठेवलेला असे, कारण उशाशी फोन नको हा त्यांचा आग्रह. सकाळी मी तो आकड्यांचा पडदा उघडाच ठेवून कपाटात ठेवला, दार लावले आणि दोन मिनिटांनी उघडले. दार उघडताच आकडा उणे ११९ होता, आणि मी पाहत असतानाच तो चढत चढत उणे ९८ वर येऊन स्थिरावला. म्हणजे त्या पत्र्याच्या दाराने रेंज शंभर पटींहूनही अधिक दाबली होती. फोन खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली आणि रात्रीची घट २५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली. त्यासाठी एकही सेटिंग बदलावे लागले नाही. लोखंडी कपाट, तळघर, लिफ्टशेजारची खोली, धातूचे कव्हर, कव्हरला मागे चिकटवलेली पत्र्याची चकती, हे सगळे याच जातीचे गुन्हेगार आहेत. कव्हर काढून पाच मिनिटांनी आकडा पुन्हा पाहावा, एवढीच त्याची परीक्षा.

दुसरे सिम आणि नेटवर्कचा प्रकार

दोन सिमच्या फोनमध्ये दुसरे सिम अनेकदा नुसतेच बसवलेले असते: रिचार्ज संपलेले, किंवा ज्या कंपनीची रेंज त्या जागी पोहोचतच नाही असे. रेंज नसलेले सिम गप्प बसत नाही, उपलब्ध असलेल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी पट्ट्या ते पुनःपुन्हा चाळत राहते, आणि टॉवरशी जोडलेले राहण्यापेक्षा हे चाळणे महाग पडते. सिम बाहेर काढण्याची गरज नाही. सिम व्यवस्थापनात जाऊन ते बंद करावे आणि त्या रात्रीची नोंद घ्यावी. त्या सिमवर बँकेचे संदेश येत असतील, तर बंद करण्यापूर्वी याचा विचार करावा.

५जी बंद करावे का, या प्रश्नाला मी सरसकट हो म्हणत नाही. अनेक नेटवर्कांवर ५जी चालवताना फोनला ४जीचा दुवाही सोबत धरून ठेवावा लागतो, म्हणजे एकाच वेळी दोन रेडिओंचा खर्च. ५जीची रेंज भक्कम असेल तर माहिती झटपट उतरते आणि रेडिओ लवकर झोपी जातो, त्यामुळे तो खर्च फारसा जाणवत नाही. मात्र तुमची जागा ५जीच्या कडेवर असेल आणि वरच्या पट्टीत ४जी व ५जी ही चिन्हे आळीपाळीने दिसत असतील, तर पसंतीचा नेटवर्क प्रकार ४जी करून ठेवावा. त्याच्याही खाली, म्हणजे केवळ २जीवर, फोन अडकवून ठेवण्याचा जुना सल्ला आता देऊ नये: ९०० मेगाहर्ट्झवरचा २जी फोन बोलताना २ वॉटपर्यंतचे ठोके देतो, आणि डेटा इतका हळू येतो की रेडिओ जागाच राहतो.

वाय-फाय : बंद करणे हा बहुधा उलटा उपाय

घरी वाय-फाय असताना बॅटरी वाचवण्यासाठी ते बंद करून मोबाइल डेटा चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना समजावणे सर्वांत अवघड जाते. वाय-फायला जोडलेला निवांत फोन बहुतेक वेळ झोपलेला असतो. राउटर साधारणपणे सेकंदाला दहा वेळा आपल्या अस्तित्वाची हाक देतो आणि फोन त्यांतल्या मोजक्याच हाका जागा होऊन ऐकतो. मोबाइल डेटावर एखाद्या अॅपने चार अक्षरे पाठवली, तरी पाठवणे संपल्यावर आणखी काही येईल या अपेक्षेने रेडिओ काही सेकंद जागा ठेवला जातो. दर दोन-तीन मिनिटांनी काहीतरी पाठवणारे अॅप त्यामुळे त्या अक्षरांच्या मानाने फारच महागात पडते. राउटर जवळ असेल तर वाय-फाय चालू ठेवावे, हेच बरोबर.

अपवाद दोन. घराच्या अशा कोपऱ्यात फोन असेल, जिथे वाय-फाय एकदा लागते आणि एकदा तुटते, तर फोन वाय-फाय आणि मोबाइल डेटा यांच्यात ये-जा करत राहतो. तिथे राउटरची जागा बदलावी किंवा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा, कारण तो ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतींतून अधिक आत पोहोचतो. दुसरा अपवाद अँड्रॉइडमधील डेव्हलपर पर्यायांचा: तिथे वाय-फाय चालू असतानाही मोबाइल डेटा कायम जागा ठेवणारे एक बटण असते. अदलाबदल झटकन व्हावी म्हणून ते असते, पण रेंज कमजोर असलेल्या घरात ते बंद करून एक रात्र पाहावी. डेव्हलपर पर्यायांतील इतर कशालाही हात लावू नये.

येथे एक फसवी गोष्ट सांगायला हवी. वरून ओढलेल्या पट्टीतील बटण दाबले म्हणजे सगळे बंद झाले असे नव्हे. आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, आयफोनच्या नियंत्रण केंद्रातील वाय-फाय आणि ब्लूटूथची बटणे चालू जोडणी तेवढी तोडतात. रेडिओ चालूच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फोन पुन्हा जोडणी घेऊ लागतो. पूर्ण बंद करायचे तर सेटिंग्जमध्ये जावे लागते. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्या सेटिंग्जखाली वाय-फाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग अशी दोन वेगळी बटणे असतात. ती चालू असतील तर मुख्य बटण बंद असतानाही फोन आसपासची नेटवर्के आणि उपकरणे हुंगत राहतो, जेणेकरून ठिकाण लवकर कळावे. ही दोन्ही बंद केल्याने नकाशा पहिल्या क्षणी थोडा चाचपडतो, एवढेच.

ब्लूटूथ, एनएफसी, हॉटस्पॉट, लोकेशन

ब्लूटूथची बदनामी त्याच्या खर्चाच्या मानाने फार झाली आहे. २०१० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ४.० पासून घड्याळे आणि मनगटी पट्ट्यांसाठी कमी ऊर्जेचा वेगळा प्रकार आहे, आणि तो नुसता जोडलेला असताना रात्रभरात एखाद्या टक्क्याचाही फरक क्वचितच पडतो. एका सहकाऱ्याच्या इयरफोनच्या डबीचे झाकण नीट बसत नव्हते, त्यामुळे आत ठेवलेला तुकडा स्वतःला बाहेर समजून रात्रभर फोनशी जुळत आणि तुटत होता. सकाळी इयरफोन पूर्ण उतरलेला असे. फोनने मात्र त्यापायी दोनच टक्के जास्त खाल्ले होते. बॅटरीच्या यादीत ब्लूटूथ खरोखरच वर दिसत असेल, तर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी, वापरात नसलेली सगळी विसरायला लावावीत आणि उरलेली एकेक करून तपासावीत.

एनएफसीसाठी, म्हणजे फोन टेकवून पैसे देण्याच्या सोयीसाठी, वेळ घालवू नये. पडदा बंद असताना ते जवळजवळ काहीच करत नाही.

हॉटस्पॉट मात्र खरा खादाड आहे, कारण त्यात मोबाइलचा रेडिओ आणि वाय-फाय हे दोन्ही सतत जागे असतात आणि फोन स्वतःच राउटर होतो. काम संपल्यावर तो आपोआप बंद होईल अशी वेळमर्यादा सेटिंग्जमध्ये असते, ती लावून ठेवावी. शक्य असेल तिथे केबलने जोडणी द्यावी, म्हणजे फोन चार्जही होत राहतो. लोकेशनच्या बाबतीत मुख्य बटण बंद करण्यापेक्षा कोणत्या अॅपला ‘नेहमी’ अशी परवानगी दिली आहे ते पाहावे आणि ज्यांना गरज नाही त्यांना ‘अॅप वापरतानाच’ अशी द्यावी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा संकेत जमिनीवर अत्यंत क्षीण पोहोचतो. बंद खोलीत एखादे अॅप नेमके ठिकाण मागत राहिले, तर तो क्षीण संकेत शोधण्यात फोनचा जीव जातो.

बॅटरी वाचवण्याचे आश्वासन देणारी वेगळी अॅप्स बसवू नयेत. ती दुसऱ्या अॅप्सना मारतात, ती अॅप्स पुन्हा उठतात, पुन्हा नेटवर्कला जाऊन भिडतात, आणि हिशेब उलटाच होतो. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून असलेल्या फोनमधील पाठीमागची कामे एकत्र करून ठरावीक वेळी उरकण्याची सोय फोनमध्येच आहे.

थोडी जोखीम असलेले उपाय

एवढे करूनही रात्रीची घट कमी झाली नसेल, तर प्रथम फोन बंद करून सिम बाहेर काढावे, सोनेरी भाग कोरड्या मऊ कापडाने पुसावा आणि सिम नीट बसवावे. झिजलेले किंवा सैल सिम मधूनमधून सुटते आणि प्रत्येक वेळी फोन नेटवर्कवर नव्याने नोंदणी करतो. त्यानंतर फोनची प्रलंबित सिस्टिम अपडेट घ्यावी, कारण रेडिओ चालवणारे सॉफ्टवेअरही बहुधा त्यातूनच येते.

नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करणे हा याच्या पुढचा टप्पा. त्यात फोटो किंवा संपर्क जात नाहीत, परंतु साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. पासवर्ड आधी कागदावर उतरवून घ्यावेत. काही फोन त्याच पडद्यावर ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच साठवलेले सिम, पुसण्याचाही पर्याय देतात. तिथे चुकूनही खूण करू नये, नाहीतर ई-सिम पुन्हा मिळवण्यासाठी कंपनीच्या खेपा घालाव्या लागतील.

शेवटची घरगुती परीक्षा अँटेनाची. त्याच कंपनीचे सिम असलेला दुसरा फोन शेजारी ठेवावा आणि दोन्हींचे डीबीएम आकडे दहा मिनिटे पाहावेत. आकडा स्थिर नसतो आणि दोन फोन वेगवेगळ्या टॉवरवर असू शकतात, म्हणून चार-पाच डीबीच्या फरकाकडे दुर्लक्ष करावे. आपला फोन सातत्याने दहा-पंधरा डीबीने मागे राहत असेल तर सिमची अदलाबदल करावी. दोष सिमबरोबर दुसऱ्या फोनात गेला तर सिम बदलून घ्यावे. दोष आपल्याच फोनात राहिला, आणि फोन आधी कधी पडलेला किंवा भिजलेला असेल, तर आतली अँटेनाची तार सुटली असण्याचा संभव मोठा आहे.

येथे थांबावे

फोन उघडणे हे या यादीत नाही. मागचे काच-आवरण गोंदाने चिकटवलेले असते, ते उचकटताना पाते बॅटरीत घुसू शकते, आणि लिथियमची बॅटरी भोसकली गेली तर पेट घेते. फोनची पाठ फुगलेली दिसली किंवा पडदा कडेने उचलला गेला असेल, तर चार्जिंग ताबडतोब थांबवावे, फोन दाबू नये, आणि वरची कोणतीही चाचणी न करता तो जाणकाराकडे न्यावा. एअरप्लेन मोडमध्ये, चार्जरला लावलेला नसतानाही फोन गरम होत असेल, बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेल्याचे सेटिंग्ज दाखवत असतील, सिम बदलूनही ‘सिम नाही’ असा संदेश येत असेल, किंवा अँटेनाच्या परीक्षेत आपलाच फोन नापास झाला असेल, तर पुढचे काम दुरुस्ती करणाऱ्याचे आहे.

त्याच्याकडे जाताना ‘बॅटरी लवकर उतरते’ एवढेच सांगू नये, कारण त्यावर ठरलेले उत्तर नवी बॅटरी हेच असते. नेहमीच्या रात्रीची घट, एअरप्लेन मोडमधील घट, एक सिम बंद असतानाची घट आणि दोन फोनांचे डीबीएम आकडे लिहिलेला कागद सोबत द्यावा, आणि बोर्ड बदलण्याची भाषा सुरू झाली तर त्याआधी अँटेनाच्या तारेचे टोक जागेवर बसले आहे का ते पाहायला सांगावे. फोन हवाली करण्यापूर्वी त्यातील माहितीची प्रत काढून ठेवावी, आणि दुरुस्त होऊन परत आल्यावर त्याच टेबलावर, तेच सिम घालून, पुन्हा एका रात्रीची टक्केवारी लिहावी.